बिनकुलपाचा कॉम्प्युटर

सुकेशनी पुन्हा जिना उतरून खाली आली आणि सासऱ्यांच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर धपकन बसली. बोरीच्या शाळेत शिकवून जीपमध्ये चेंगरत आलेली, अजून साडीही बदललेली नव्हती. वरच्या खोलीतला नवा कॉम्प्युटर ह्या खालच्या कॉम्प्युटरमधल्या फोल्डरचं नाव दाखवत होता, पण आत जाऊ देत नव्हता. दाखवायचं आणि द्यायचं नाही, असला प्रकार.

फोल्डरमध्ये सासूची गाणी होती. सरजाबाई विहारात भीमगीतं म्हणायच्या आणि घरी आल्या की माइक तोंडाशी धरून तीच गाणी ह्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायच्या. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. आता ह्या डब्याच्या पोटात टकटक सुरू झाली होती, पेनड्राइव्ह लावायच्या जागा तर केव्हाच निकामी झालेल्या. तो बंद पडला की त्यांचा आवाजही गेला. म्हणून तर घरातल्या वायफायवरून गाणी वर न्यायची ही खटपट चालली होती.

"मामा, ह्याला पासवर्ड न्हाई का?"

"न्हाई," खाटेवरून सासरे, सिद्धोधन, म्हणाले. "तुझ्या आत्याला अक्षरं कुठं येत होती? मीच काढून टाकला. बटन दाबलं की उघडलं पायजे."

"तिथंच अडलंय. पासवर्ड नसला की हा दुसऱ्या कॉम्प्युटरला आत घेत न्हाई. आधी कुलूप घालावं लागतंय."

"उलटंच की समदं. घालू नको."

"मामा, मी लय दमले."

"मग राहू दे. तिच्या कॉम्प्युटरला कुलूप कशाला?"

सुकेशनीला राग आला. गेलेल्या माणसासाठी दार उघडं ठेवायचं आणि तिचा आवाज मात्र जाऊ द्यायचा, हे कुठलं शहाणपण? सिद्धोधन गुडघे चोळत त्या टकटकीकडं कान लावून होते.

"आकडे चालतेत का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"चालतेत."

"मग माझा फोन नंबर टाक. तेवढाच पाठ होता तिला."

तिनं तो टाकला आणि कंबरेला हात लावून परत जिना चढली. या वेळी वरच्या कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला आणि तो नंबर टाकताच मुकाट्यानं फोल्डर उघडला. सगळी गाणी इकडं उतरली, तशी खात्री म्हणून तिनं पहिलंच सुरू केलं. आधी नुसती खरखर. मग सरजाबाईंचा आवाज, गाण्याच्या आधीचा, घाईतला.

"चालू झालं का ओ?"

आवाज कमी करायला तिनं हात पुढं केला, तेवढ्यात खालून, जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभे राहिलेले सिद्धोधन म्हणाले,

"झालंय. म्हण आता."