एक्केचाळीस अंगठे

रेणुकादास सरांना भूगोल शिकवायची हौस दांडगी, पण शिकायला समोर कुणी नसायचं. जळकोट तालुक्यातल्या त्या कॉलेजात बीएच्या तिसऱ्या वर्षाला नावं एक्केचाळीस, आणि बाकांवर कधी सहा जण, कधी चार. पोरांना तरी काय बोलायचं? कुणाची एसटी चुकायची, कुणी सोयाबीन काढण्यात गुंतलेला, कुणी पोलीस भरतीसाठी लातूरच्या मैदानावर पळत असायचा. सरांनी दोन वर्षं रिकाम्या बाकांना मान्सूनचे वारे समजावून सांगितले आणि शेवटी वैतागून व्हॉट्सअॅपवर वर्गाचा ग्रुप काढला.

रोज सकाळी नऊ वाजता दहा मिनिटांचा पाठ ते स्वतःच्या आवाजात बोलून टाकायचे, खाली नकाशा जोडायचे. ऐकणाऱ्यानं अंगठा टाकायचा. अंगठा आला की हजेरी लागली, असा सोपा कारभार. महिन्याभरात एक्केचाळीसच्या एक्केचाळीस अंगठे यायला लागले. प्राचार्य खूश झाले, सरांचे तर पाय जमिनीला लागेनात. लातूरच्या एका चर्चासत्रात त्यांनी समाजमाध्यमांतून अध्यापन या विषयावर निबंध वाचला. पडद्यावर ग्रुप दाखवला आणि यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवून सांगितलं, ही सृष्टी, डोंगरातल्या गावची मुलगी, पाठ टाकल्यापासून मिनिटाच्या आत हिचा अंगठा येतो. टाळ्या पडल्या. दहा मिनिटांचा पाठ मिनिटाभरात कसा काय ऐकून होतो, हे त्या सभागृहातल्या एवढ्या विद्वानांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. सरांच्याही आलं नाही.

शेवटच्या सत्राच्या परीक्षेचे फॉर्म सुटले. फॉर्म ज्याचा त्यानं ऑनलाइन भरायचा होता. पाठ सर नेहमी बोलून टाकत. ही सूचना मात्र त्यांनी घाईघाईत टाईप केली, की ज्यांनी फॉर्म भरला त्यांनी अंगठा द्यावा. दोन दिवसांत एक्केचाळीस अंगठे आले. कार्यालयातल्या संगप्पानं कुणी राहिलंय का म्हणून विचारलं, तेव्हा सरांनी मोबाईल त्याच्या पुढ्यात धरला आणि एकही नाही म्हणून ऐटीत सांगितलं.

परीक्षा चार दिवसांवर आली आणि हॉलतिकिटं आली ती चाळीस. सृष्टीचं नव्हतं. संगप्पानं संगणकावर पाहिलं तर तिचा फॉर्मच भरलेला नव्हता. सरांनी विद्यापीठात तीन जणांना फोन लावले, विनवण्या केल्या. विलंब शुल्क भरून फॉर्म भरायची मुदतही टळली होती, आता काही होणार नाही, असं तिघांनीही सांगितलं. सृष्टीला हे फोनवर सांगायला सरांची जीभ रेटेना. तेव्हा सरांनी मोटारसायकल काढली आणि पत्ता विचारत तिच्या गावी गेले.

घरी तिची आई तारामती एकटीच होती. सृष्टी इथंच राहते का, एवढं सरांनी दारातून विचारलं, तर बाई चटकन डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आल्या.

"या की सर. आवाजावरनं वळखलं म्या तुमाला."

सरांना आधी बरं वाटलं. मग चहा ठेवता ठेवता बाई सांगत गेल्या आणि सरांचं बरं वाटणं संपत गेलं. सृष्टीचं लग्न मागच्या वैशाखातच झालं होतं, तिला नायगावला दिली होती. सुनेला वेगळा फोन द्यायचा त्या घरात रिवाज नव्हता. ग्रुपवरचा नंबर होता तो या घरातल्या फोनचा. आषाढात माहेरी आली तेव्हा पोरीनं आईला शिकवून ठेवलं होतं, की सरांचं काही आलं की इथं बोट धरायचं आणि हा अंगठा दाबायचा, न्हाई तर नाव कटंल. बाईंना अक्षरओळख नव्हती, पण एक दिवस त्यांनी चुकवला नव्हता.

"आधी दाबून घेते, उशीर नको म्हणून. मग बसून समदं ऐकते," बाई म्हणाल्या. "मांजरा गोदावरीला कुठं मिळती, ते म्या आमच्या मालकाला सांगितलं. त्यान्ला म्हाईत नव्हतं."

पोरगी सणाला आली की तो फोन घेऊन कोपऱ्यात बसायची आणि साठलेले सगळे पाठ उतरवून न्यायची. तीन वह्या भरल्या होत्या. सासू म्हणाली होती, या वर्षी बीए झाली तर बीएडला घालू, न्हाई तर पुस्तकं बांधून ठेवायची. हे सांगून बाईंनी परीक्षा कोणत्या वारी आहे ते विचारलं, म्हणजे तिच्या वडिलांना, शेषेरावांना, तिला आणायला पाठवता येईल.

सरांच्या हातातला चहा निवून गेला. हॉलतिकिटाचा थोडा घोटाळा झालाय, सृष्टीशी बोलावं लागेल, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. बाईंनी जावयाचा, वैजनाथचा, नंबर लावून फोन सरांकडे दिला. वैजनाथनं तो सृष्टीला दिला. सर अंगणात गेले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले.

पलीकडे तिनं दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "फॉर्मचं तुम्ही बोलून सांगाल आन् आई मला कळवंल, असं वाटलं होतं सर."

वर्षभरात ती एवढी एकच सूचना सरांनी टाईप केली होती.

"आईनं त्याला बी दाबलं असंल ना?"

"हो."

"तिला सांगू नका. माझ्याच ध्यानातून गेलं म्हणा. मी इकडं बी तेच सांगते."

सर बरं म्हणाले आणि फोन बंद झाला. तिकडे ती आता निष्काळजी ठरणार होती आणि वह्या बांधून ठेवल्या जाणार होत्या, हे सरांना स्वच्छ दिसत होतं. करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. बाई दारात उभ्या होत्या. सरांनी त्यांना सांगितलं, की फॉर्म भरायचा सृष्टी विसरली, या वेळी तिला परीक्षेला बसता येणार नाही.

बाई उंबऱ्यावर बसल्या. सुरुवातीला त्यांना ते नीट कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा डोळ्यांत पाण्याआधी राग आला.

"वरीसभर म्या एक दिस सोडला न्हाई सर. शेतात पण फोन कमरंला बांधून नेला. आन् हिला एक फॉर्म भरणं जमलं न्हाई? तोंड बगनार न्हाई मी हिचं." मग त्या थांबल्या आणि वर बघत म्हणाल्या, "तुमीच सांगा, माझं कुठं काही चुकलं का?"

चूक माझी आहे, एवढं जरी सर म्हणाले असते, तरी पोरीला दिलेला शब्द मोडला नसता.

"नाही ताई, तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले आणि गाडीला किक मारली.