डाव्या शिवणीतल्या गाठी

माझ्या धाकट्या बहिणीला दिसत नाही आणि मला गप्प बसवत नाही. दोन्ही जन्मापासूनचं. मी शिंपी, त्यामुळे तिच्या कपड्यांची जबाबदारी आपोआप माझ्या गळ्यात पडली. तिला रंग कळावेत म्हणून मी तिच्या प्रत्येक कपड्याच्या आत, उजव्या बगलेच्या शिवणीत, कमरेच्या चार बोटं वर, जाड दोऱ्याच्या बारीक गाठी मारतो. पांढऱ्याला एक, निळ्याला दोन, काळ्याला तीन. बाकीचे रंग वापरायचे नाहीत असं मी फर्मान काढलं होतं. तिने ते धुडकावलं, म्हणून लालला चार.

यंदा तिला दूरच्या शहरात नोकरी लागली, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. गणवेश ऑफिसचा, तिथे गेल्यावर मिळणारा. सोमवारी पांढरा शर्ट, बाकीचे दिवस निळा. कापड एकच, कटिंग एकच, हाताला फरक कळायचा नाही.

"तिथे गाठी कोण मारून देणार?" मी म्हणालो. "भलताच शर्ट घालून गेलीस तर लोक हसतील."

"हसू देत. आवाजावरून ओळखून ठेवीन एकेकाला."

खरं सांगायचं तर गाठी हे निमित्त होतं. ती गेली की माझी अक्कल काढणारं दुकानात कोणी उरणार नव्हतं.

आमची ही रोजची वादावादी ऐकून माझी मुलगी कंटाळली. तिने व्हिडिओ काढायला फोन माझ्यासमोर धरला. "बाबा, गाठी कशा मारता ते दाखवा. आत्यासारख्या कितीतरी जणांना उपयोग होईल."

मी कटिंगच्या टेबलावर शर्ट उलटा पसरला आणि चाळीस सेकंदांत सगळं सांगितलं. खाली तिने एक ओळ लिहिली: ज्याच्या हातात सुई आहे त्याने आज एका तरी कपड्यावर गाठी माराव्यात आणि पुढच्याला दाखवाव्यात.

"टाक," मी म्हणालो. "बघणार कोण? तू आणि तुझी आई."

आठवड्याभरात माझं हे बोलणं मलाच गिळावं लागलं. मुलगी दुपारी फोन आणून इस्त्रीशेजारी ठेवायची आणि मी काम सोडून बघत बसायचो. एका लाँड्रीवालीने गिऱ्हाइकांना विचारून गाठी मारायला घेतल्या होत्या. एका तुरुंगातल्या शिवणवर्गाने शंभर शर्टांचा ढीग दाखवला होता. कोणाचं गावही कळत नव्हतं. एका फोटोत नुसतं एक बोट होतं, दोन गाठींवर टेकलेलं, आणि खाली लिहिलं होतं, 'आज आईने स्वतः कपडे निवडले.' मी तीस वर्षं सुई चालवतोय. माझं काम या गल्लीबाहेर जाईल असं कधी मनात आलं नव्हतं.

बहिणीने माझा व्हिडिओ दोनदा ऐकला. मग म्हणाली, "दादा, तू डावी म्हणालायस."

माझं धाबं दणाणलं. शिंप्याच्या हातात कपडा सदा उलटा असतो, आणि उलट्या कपड्याची डावी बाजू अंगावर उजवी होते. टेबलाकडे बघत मी बिनदिक्कत डावी सांगून मोकळा झालो होतो आणि हजारो माणसं माझ्या शब्दावर डावीकडे गाठी मारत सुटली होती. मुलीने लगेच व्हिडिओखाली चूक कबूल करून टाकली. तासाभरात ज्यांना दिसत नाही त्यांचीच उत्तरं आली. एकाने लिहिलं, 'आता आमच्या बोटांना डावी पाठ झालीय. कृपा करून शिंप्याला गप्प बसवा.' बहीण हसून हसून बेजार झाली.

महिनाअखेरीस ती गेली. मी तिच्या पिशवीत पुढच्या रविवारचं परतीचं तिकीट घातलं. नाही जमलं तर सरळ निघून ये, असं बजावलं. जमणार नाही अशी मला मनातून आशाच होती.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. "दादा, गणवेश मिळाला."

"रंग कोणी सांगितले?"

"कोणी नाही. डाव्या शिवणीत हात घातला. दोन शर्टांत एकेक गाठ आहे, चारांत दोन दोन."

"तू ऑफिसला आधी कळवलं होतंस?"

"नाही रे. शेजारच्या बाईंच्या शर्टातही आहेत. त्यांना चांगलं दिसतं, त्यांना वाटलं दोरा राहिलाय. इथे सगळ्यांच्याच शर्टात आहेत. कारखान्यातूनच तसे आलेत."

कुठल्या तरी कारखान्यात, ओळीने मांडलेल्या मशिनींपाशी, कोणीतरी एकेक शर्ट हातात घेऊन माझ्या चुकीसकट गाठी मारल्या होत्या. ज्याला दिसत नाही असं माणूस त्यांतला कोणता शर्ट घालणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी एकही शर्ट सोडला नव्हता. मी जे एका बहिणीसाठी केलं ते त्यांनी कोणासाठी केलं हे त्यांना कधीच कळणार नव्हतं.

"दादा, आहेस ना? रविवारचं तिकीट रद्द कर."

"करतो," मी म्हणालो. बराच वेळ डोळे पुसत बसलो.

तिचा लाल शर्ट दुरुस्तीसाठी माझ्याकडे राहिला होता. उजवीकडच्या चारही गाठी मी कापून काढल्या. मग शर्ट सुलटा केला, स्वतःच्या अंगाला लावून डावी बाजू दोनदा तपासली आणि सुईत दोरा ओवला.