एकदाच विचारलं

बाळंतपणाच्या वॉर्डात आयुष्य काढलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पहिल्या उत्तरावर जायचं नसतं. ‘दुखतंय का?’ म्हटलं की बाई दात आवळून सांगते, ‘नाही.’ पुन्हा विचारलं की म्हणते, ‘थोडंसं.’ आणखी एकदा विचारलं की हात घट्ट धरून रडायलाच लागते. सिस्टरनी हे इतक्या वेळा पाहिलं होतं, की घरीही त्या तशाच वागत. पाहुण्याचं पहिलं ‘नको’ त्यांनी कधी ‘नको’ धरलं नाही. आपलं पहिलं ‘नको’ कुणी खरं धरील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. शेजारी, भाजीवाली, एवढंच काय, चिडली की सख्खी बहीणसुद्धा. आई म्हणणारी दोनच माणसं होती. त्यातलं एक, पोटचा मुलगा, ऑफिसच्या जिन्यावर छातीत कळ आली म्हणून खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. दुसरं माणूस म्हणजे सून.

मुलगा परदेशात नोकरीला होता. सून त्याच देशातली, त्यानं तिथेच जोडलेली. बातमी कळताच सिस्टर विमानात बसल्या होत्या आणि आता मुलाच्या छोट्या खोलीत, त्याच्या टेबलाशेजारच्या पलंगावर झोपत होत्या. सून दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून माणसांच्या तोंडांचे साचे येत, त्यांवरून ती दात घडवी. तिच्या नखांत कायम पांढरं प्लास्टर. चार वर्षांची नात, दिसायला एवढीशी आणि बोलायला झणझणीत म्हणून मिरी, लॅबमधले फुकट गेलेले दात खिडकीत ओळीनं मांडून त्यांना शाळा शिकवी.

एका दुपारी मिरी झोपली होती. सुनेनं चहाचे कप टेबलावर ठेवले आणि समोर बसली. आपली भाषा ती पुस्तकावरून आणि नवऱ्याच्या तोंडून शिकली होती. बोले सावकाश, पण एक चूक काढून दाखवा.

“आई, एक विचारायचं होतं. तुम्ही आता इथेच राहाल का? माझ्याजवळ आणि मिरीजवळ. ती खोली तुमची. कायमची.”

सिस्टरना हेच हवं होतं. रिकाम्या घरी परत जायचं या विचारानं त्या रोज कुढत होत्या. पण तोंड सवयीचं गुलाम.

“नको गं बाई,” त्या म्हणाल्या. “तुझं तुला काय कमी आहे? त्यात माझं लोढणं कशाला गळ्यात बांधून घेतेस?”

एवढं बोलून त्यांनी कप उचलला आणि वाट पाहिली. आता सून म्हणेल, असं काय बोलता आई. मग आपण म्हणू, अगं पण तिकडचं घर. मग ती म्हणेल, ते काही नाही. मग आपण डोळे पुसू आणि म्हणू, बरं बाई, तुझ्या मनासारखं.

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “बरं.”

आणि आपला कप उचलून मोरीकडे गेली.

सिस्टरनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग दुसऱ्या दिवशी. मग त्यांनी आडून आडून सुरुवात केली.

“मिरीचे केस बघ किती गुंतलेत. रोज विंचरायला घरात कुणीतरी हवं.”

“माझंच चुकलं. उद्यापासून मी लवकर उठेन.”

“तिकडे काय, जाऊन भिंतींशी बोलायचं.”

सून थबकली. “तुमची बहीण जवळच राहते ना?”

“राहते की. दोन गल्ल्या सोडून.”

“मग बरं आहे,” सून म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता, पण सिस्टरना तेव्हा फक्त शब्द ऐकू आले.

बहिणीला फोन केला, तर तिनं वरून फैलावर घेतलं.

“सिस्टर, तुझं घोडं नक्की कुठे अडलंय? तिनं विचारलं, तू नको म्हणालीस. आता काय पालखी पाठवायची तिनं?”

“एकदाच विचारलं गं. तोंडदेखलं. मनातून असतं तर पुन्हा विचारलं नसतं?”

“मग तूच सांग ना, राहते म्हणून.”

“आणि ती म्हणाली, मुलगा गेला तरी सासू गोचिडासारखी चिकटून बसली, तर? काही मान आहे की नाही माणसाला?”

“मग मानच घेऊन झोप उशाशी,” बहीण म्हणाली आणि फोन ठेवला.

सिस्टर रागावल्या, पण बहिणीवर नाही. पूर्वी ही मुलगी अशी नव्हती. मुलगा असताना त्या दोनदा येऊन राहिल्या होत्या. सुनेला तेव्हा आपली भाषा येत नव्हती, सगळं बोलणं मुलाच्या मार्फत चाले. ताटात वाढताना ती दोन शब्द बोले, की मुलगा सांगे, “आई, ती म्हणते, तुम्ही काहीच खाल्लं नाहीत, आणखी घेतलंच पाहिजे, नाहीतर मी जेवणार नाही, माझी शपथ.” सिस्टर हसून म्हणत, “एवढ्याशा बोलण्यात एवढं मावतं का रे?” तो म्हणे, “तिची भाषा दाबून भरलेली असते.” केवढा आग्रह करायची तेव्हा! नवरा गेला, आणि सासूची गरज संपली.

पुढच्या आठवड्यात एक तरुण जोडपं आलं. सिस्टर पलंगावर बसल्या होत्या. त्या दोघांनी हसून मान लववली आणि खिडकीला टेप लावून पडद्याचं माप घेतलं. मग पलंगाच्या मागची भिंत मोजायची म्हणून सिस्टरना पाय वर घ्यायची खूण केली. सिस्टरनी पाय वर घेतले.

जोडपं गेल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. “कोण होते ते?”

“पुढच्या महिन्यापासून ते इथे राहतील,” सून म्हणाली. “मी आणि मिरी माझ्या मोठ्या बहिणीकडे जातोय. दुसऱ्या गावी. तिथल्या लॅबमध्ये काम मिळालंय. आज तुम्हाला सांगणारच होते.”

“सगळं ठरवूनसुद्धा झालं? मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही?”

सुनेचा चेहरा पांढरा पडला. “विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात.”

“अगं, एकदा नको म्हणाले!”

“किती वेळा म्हणायचं असतं?”

“मी नाही, तू! तू पुन्हा विचारायचंस!”

सून खुर्चीत बसली. “आई, आमच्यात दुसऱ्यांदा विचारत नाहीत. माणसानं नाही म्हटल्यावर पुन्हा विचारायचं म्हणजे तू खोटं बोलतोस असं तोंडावर सांगणं. आणि वडीलधाऱ्यांना तर कुणी छातीवर पिस्तूल ठेवलं तरी विचारणार नाही. मी ते एकदा विचारायला किती दिवस धीर गोळा करत होते. तुम्ही लोढणं म्हणालात. तो शब्द मला माहीत नव्हता, मी नंतर शोधला. वाटलं, आम्हीच तुम्हाला लोढणं वाटतोय. लॅबमध्ये जाऊन मी एवढी रडले, की एका म्हाताऱ्याच्या जबड्याचा साचा हातातून पडून फुटला.”

सिस्टर ओट्याला टेकल्या. “मग पूर्वी गं? पूर्वी तर जेवताना किती मागे लागायचीस. शपथा घालायचीस.”

“शपथा?”

“माझी शपथ, आणखी घ्या म्हणून.”

“मी असं कधीच म्हटलं नाही. मी विचारायचे, आणखी हवं का? तो तुमच्याशी बरंच काही बोलायचा आणि मग मला सांगायचा, आई हो म्हणाली, पोटभर वाढ.”

“मी तर नकोच म्हणत होते,” सिस्टर म्हणाल्या.

मधलं भाषांतर कुणाचं होतं, ते दोघींना एकदमच कळलं. सुनेला आधी हसू फुटलं, मग सिस्टरना. “लबाड मेला,” असं सिस्टरच्या तोंडून निघून गेलं आणि तो शब्द ऐकताच दोघींचं हसणं जागीच बंद झालं. सिस्टरनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. इतकी वर्षं सुनेचा म्हणून जो लोभ त्यांनी उराशी धरला होता, तो सगळा त्याचाच होता. आणि सुनेला वाटे, आपली सासू किती मोकळी, हवं ते हवं म्हणते. तीही त्यानंच घडवलेली. त्या जेवणाच्या टेबलावर दोघींना जोडून ठेवायला तो एकटा केवढं बोलत होता. तो गेला आणि मागे दोन अनोळखी बायका उरल्या.

“हे घर नाही का परत घेता येणार?” सिस्टरनी विचारलं.

“मी शब्द दिलाय. त्यांनी त्यांचं घर सोडलंय. इथल्या लॅबमध्ये माझ्या जागी माणूसही आला.” सुनेनं बोटांनी डोळे दाबले. मग ताठ बसली. तिची मान, कान, सगळं लाल झालं होतं, भर रस्त्यात कुणी चूक पकडावी तसं. “आई, मी दुसऱ्यांदा विचारते. तिकडे याल? आमच्याबरोबर?”

‘हो’ सिस्टरच्या ओठांपर्यंत आलं होतं. “बहिणीचं घर केवढं आहे?”

“दोन खोल्या. एकीत तिचा नवरा. तो अंथरुणाला खिळलाय. दुसरीत ती, मी आणि मिरी. पण मी विचारलं तर ती हो म्हणेल. ती स्वयंपाकघरात झोपेल.”

ती हो म्हणेल, आणि तिचं हो म्हणजे हो, हे सिस्टरना आता कळत होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात काय असतं, हेही त्यांना कळत होतं. तिथे त्या खरोखरीच लोढणं झाल्या असत्या.

“नको,” त्या म्हणाल्या.

सुनेनं त्यांच्या चेहऱ्यावर नजर रोखली. आंधळा माणूस समोरच्याचं तोंड हातानं चाचपतो, तशी ती नजर फिरत होती. “हे कुठलं नको?”

“म्हणजे?”

“म्हणजे मी पुन्हा विचारायचं का? मला कळत नाही, आई. तो असता तर त्यानं सांगितलं असतं. मी तिसऱ्यांदा विचारते. हवं तर रोज विचारेन. याल?”

खुर्चीच्या काठावर बसलेली, लाजेनं लालबुंद झालेली ही बाई केवढं देऊ करत होती! आग्रह कसा करतात हे ती आत्ता, या टेबलावर शिकली होती. आणि सिस्टरना आता असं ‘नाही’ म्हणायचं होतं, जे एकदाच म्हटलं की पुरेल. तसं त्या जन्मात कधी म्हणाल्या नव्हत्या.

त्या समोरची खुर्ची ओढून बसल्या. सुनेचे दोन्ही हात हातात घेतले. बोटांच्या पेरांना प्लास्टरची खरखर होती. तिच्या डोळ्यांत सरळ बघून, एकही शब्द पुढे-मागे न लावता त्या म्हणाल्या, “नाही. मी येणार नाही.”

 हळूहळू सुनेला उमगलं.

“बरं,” ती म्हणाली. हात सोडवून घेऊन ती मिरीला उठवायला आतल्या खोलीत गेली.

सिस्टर तिथेच बसून राहिल्या. आपण अजून दाराकडे कान लावून आहोत, ती परत येऊन चौथ्यांदा विचारील म्हणून वाट बघतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. तरी त्या उठल्या नाहीत.