नवसाचा दोर

मी एक जुना नायलॉनचा दोर आहे, मित्रांनो. आधीच सांगतो, माझी मलाच किळस येते. का, ते ऐका.

सुरुवात चांगली होती. बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या एका दुकानातून तिथल्याच एका सहल कंपनीने मला नेले. शहराबाहेर, आनेकल गावाच्या पुढे एक उभा कातळ आहे. त्यावर ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना मला बांधले. माणसे मला धरून वर चढत. दर महिन्याला कंपनीतली सुप्रीता येई आणि अंगाचा सगळा भार टाकून मला ओढून बघे. दोन वर्षांनी मला काढायचे, असे माझ्या टोकाच्या पत्र्यावर लिहिले होते. उन्हाने नायलॉन विरत जाते.

“सरी, ठीक आहे, अजून घट्ट आहे,” ती म्हणे. तेवढे कौतुक मला पुरे होते.

मग मराठी मंडळींच्या सहली घेऊन बिंदुमाधव येऊ लागला. गाईड, आणि वाणी काय गोड! एकदा एक बाई चढायला घाबरल्या.

“वहिनी, हा साधा दोर नाही,” तो म्हणाला. “शंभर वर्षांपूर्वी एका साध्वीने देवीला वाहिलाय. धागा बांधा, नवस बोला. पाय घसरायचाच नाही.”

शंभर वर्षांपूर्वी नायलॉन! एकाही शहाण्या माणसाने विचारले नाही.

मग काय, धागे, तेल, कुंकू, नारळाचे पाणी. त्यावर मुंग्या, माश्या. ओले धागे सडत, त्यांचा वास सुटे. लोक तोच हात कपाळाला लावत आणि लगेच फोटो काढत. शी! आणि त्या घाणीखाली माझे पीळ एकेक करून तुटत होते.

मुदत संपली तशी सुप्रीता नवा दोर घेऊन आली.

“मॅडम, नवा लावला तर लोक नवस कशाला बांधतील? गोष्टच संपली की!” बिंदुमाधव म्हणाला.

“आणि हा तुटला तर?”

“आजवर तुटलाय का? साहेबांना विचारा.”

कंपनीच्या मल्लेश्वरमच्या ऑफिसातून साहेबांनी फोनवर सांगितले, जुनाच राहू दे. नवा दोर खालच्या शेडमध्ये ठेवून ती मान खाली घालून गेली.

एका मंगळवारी चाळीस जण आले. त्यांत लहान मुलेही होती. सहलीचे जेवण करणारी यल्लव्वा दहीभाताचा डबा घेऊन सगळ्यांच्या पुढे निघाली. तिने मला धरले आणि कातळात खोदलेल्या पहिल्याच पायरीवरून ती खाली उतरली. एरवी तिचा आवाज चुलीपलीकडे जात नसे.

“माधवा, दोर गेला. हातात नुसता भुसा येतोय.”

“अक्का, स्वल्प हळू. पाहुणे ऐकतात.”

“ऐकू देत की! देवीचं नाव घेऊन माणसं मारायला निघालास?”

“तुम्ही देवीचं एवढं करता, आणि नवसाच्या दोराला नावं ठेवता?”

“करते म्हणूनच बोलते. आज माझा उपास आहे. उपाशी तोंडानं खोट्याला हो म्हणणार नाही.”

तिने नारळ फोडायचा कोयता उचलला आणि मला कातळावर धरले.

“अहो, पाप लागेल!” कुणीतरी ओरडले.

“लागलं तर मला.”

एकच घाव. धडधाकट दोराला निदान चार लागतात. माझा तुटका भाग बघून पाहुणे मागे फिरले. त्या दिवशी वर कुणी गेले नाही. पुढच्या आठवड्यात सुप्रीताने नवा दोर बांधला.

यल्लव्वाला कामावरून काढले. मला मात्र मल्लेश्वरमच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवले आहे. बिंदुमाधव नव्या पाहुण्यांना सांगतो, “चाळीस जणांवरचं संकट या दोरानं स्वतःवर घेतलं आणि तो आपसूक तुटला.” ऐकून बायकांचे डोळे भरतात. गोष्टीत यल्लव्वा नाही. मला इतकी शिसारी येते, की हार घातला तर तो गळून पडावा असे वाटते.

मित्रांनो, कुणी गोड बोलून तुमच्या हातात काही दिले, तर आधी जोर लावून ओढून बघा. नम्रपणे बघा, पण बघा. देवी त्यावर रागावणार नाही. आणि कधी या ऑफिसात आलात, तर माझ्यापुढे हात जोडू नका. मी कुणालाही वाचवले नाही. मी त्यांना पाडणार होतो.