कारणाचा रकाना

योगिनी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. गिअरचा पार्ट गेजवर मापायचा, चुकला तर लाल टॅग लावून बाजूला काढायचा आणि टॅगवरच्या कारणाच्या रकान्यात लिहायचं: व्यास जास्त, चरा, गंज. तो रकाना कोरा ठेवून पार्ट रिजेक्ट करता येत नसे. सहा वर्षांत हा शब्द मोशीतल्या घरीही रुळला होता. काकडी कडू निघाली की तिची आई, शालनबाई, म्हणायची, "रिजेक्ट हाय ही."

दीड वर्षापूर्वी योगिनीनं धाकट्या भावाला, धम्मरत्नला, एक किडनी दिली. ते कळल्यावर चिंचवडचं ठरत आलेलं स्थळ फिसकटलं. "त्यांनी रिजेक्ट केलं, ताई," मध्यस्थ फोनवर म्हणाला. ती 'बरं' म्हणाली आणि जेवायला बसली.

गेल्या महिन्यात धम्मरत्नचे पाय सुजले. इंजेक्शनं झाली, बायोप्सी झाली. शेवटी डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं.

"रिजेक्शन आहे. औषधांना दाद देत नाहीये. परत डायलिसिस सुरू करावं लागेल."

शालनबाईंना त्यातला 'रिजेक्शन' हा एकच शब्द नीट कळला. त्या लेकीकडे वळल्या. "तुजी किडनी खराब हुती का वं?"

"नाही, आई."

"मग रिजेक कशापायी?"

डॉक्टर समजावू लागले. किडनी उत्तम होती. शरीराला ती परकी वाटली, इतकंच. कुणाची चूक नाही.

"सख्ख्या बहिणीची परकी?" शालनबाई म्हणाल्या.

"मग ती आता काढणार?" योगिनीनं विचारलं.

"त्रास देत नाही तोवर राहू द्यायची आतच."

तिनं मान डोलावली. डायलिसिसचे वार लिहून घेतले, सोम, बुध, शनि. बाहेर येऊन सुपरवायझरला फोन केला आणि सकाळी दवाखान्यात येता यावं म्हणून कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतली.

पहिल्या शनिवारी मशीन सुरू झालं. धम्मरत्न छताकडे बघत म्हणाला, "ताई, मी नाही गं केली रिजेक्ट."

"माहितीये रे."

रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. शेजारच्या पेशंटच्या बायकोनं बिस्किटांचा पुडा पुढे केला. योगिनीनं दोन घेतली, चावून खाल्ली आणि भावाच्या पायांवर चादर ओढली.

"गार वाटतंय का?"

"नाही," तो म्हणाला. "तुला?"

गार वाटतंय की नाही, हे तिचं तिलाच कळेना.