वरच्या मजल्याचा हेवा

मित्रांनो, मी तळमजल्यावरचा एक जुना सागवानी दरवाजा आहे. माझी मालकीण निवृत्त परिचारिका. गल्लीत सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणतात. लग्नाच्या वर्षी तिने आणि तिच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, मला सुताराकडून हौसेने घडवून घेतले. पुढे कितीतरी वर्षे माझे तेलपाणी दोघांनी मिळून केले. पाहुणे उंबऱ्यातच थबकून माझी तारीफ करत आणि मी हुरळून जाई.

निवृत्तीनंतर सिस्टरांनी भाड्याने देण्यासाठी वरचा मजला बांधला. त्याला नवा दरवाजा आला. चकचकीत, पितळी मुठीचा! आता जो तो माझ्यासमोरून जिना चढून त्याला पाहायला जाई. माझ्या बिजागऱ्या कुरकुरत, पण तेल मात्र वर जाई. माझा नुसता जळफळाट होई.

वर चित्रकलेचे शिक्षक आणि त्यांची आई राहायला आली. सिस्टर पहिल्यांदाच घरमालकीण झाल्या होत्या. त्यांनी चौकशी केली, करार केला; पण मोडतोड झाली तर दुरुस्ती कोणी करायची, हे लिहायचेच राहिले. शिवाय घर नीट ठेवलेय का, हे पाहायला त्या खुशाल दुसऱ्या किल्लीने आत शिरत. एकदा शिक्षकांची आई शांतपणे म्हणाली, “ताई, घर तुमचं आहे, पण राहतो आम्ही. येण्याआधी विचारत जा.” सिस्टर तणतणत खाली आल्या. मला आतून गुदगुल्या झाल्या.

मग वरच्या न्हाणीघरातला पाइप गळू लागला.

“दुरुस्त करून द्या ना,” शिक्षक म्हणाले.

“वापरता तुम्ही, मग मी का करू?” सिस्टर म्हणाल्या.

महिनाभर हेच चालले. मी मनात म्हणे, कुजू दे त्या वरच्या मेल्याची चौकट! पण पाणी भिंतीतून उतरले ते थेट माझ्याच चौकटीत. मी फुगलो, घट्ट बसलो.

एका दुपारी काकांच्या छातीत कळ आली. सिस्टरांनी मला जिवाच्या आकांताने ओढले. मी हललो नाही. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. त्यांची हाक ऐकून शिक्षक धावत खाली आले आणि बाहेरून खांदा देऊ लागले. तिसऱ्या धक्क्याला माझी फळी तडकली आणि मी उघडलो. काका वेळेत दवाखान्यात पोहोचले, वाचले. शिक्षकांची आई संध्याकाळपर्यंत आमचे उघडे घर राखत बसली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर वर गेल्या. बेल वाजवून बाहेरच थांबल्या. “पाइप आजच बदलून घेते. चूक माझी होती,” म्हणाल्या.

सुताराने मला रंधा मारला, तडकलेल्या फळीवर पट्टी ठोकली. वरच्याला मात्र नवे पॉलिश मिळाले. खोटे कशाला बोलू, अजूनही थोडे जळते.

मित्रांनो, घर भाड्याने द्याल, तेव्हा दुरुस्तीचे आधीच ठरवा आणि आत जाण्यापूर्वी दार वाजवा. गळती दिसली, तर ती कोणाची यावर वाद घालत बसू नका. तुम्ही भांडत असता, तेव्हाही पाणी खाली उतरतच असते.