पन्नास मीटरची खाण

भारत आणि सिलोन यांच्यातली सांघिक पोहण्याची स्पर्धा एकूण चारच वर्षं चालली. प्रत्येक देशाचे चार जण, प्रत्येकाने एकामागोमाग शंभर मीटर पोहायचं आणि ढाल कोणाची ते ठरायचं. पहिल्या वर्षी आपण कोलंबोत हरलो, दुसऱ्या वर्षी मुंबईत. दोन्ही वेळा अंतर हातभराचं होतं. तिसऱ्या वर्षाची गोष्ट मला जवळून माहीत आहे, कारण तिच्यात एक चूक माझी होती.

१९५६ साली मी अंधेरीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं घेत असे आणि मरोळला सेराफिनाबाईंच्या घरी भाड्याने राहत असे. त्यांचा मुलगा गिल्बर्ट वीस वर्षांचा. सकाळी भाताच्या शेतात आणि दुपारी छापखान्यात काम करायचा, आणि मधल्या वेळात गावामागच्या बंद दगडखाणीत पोहायचा. उपनगरात तेव्हा पोहायचा तलाव नव्हता. निवड चाचणी दादरला होणार होती.

"टीचर, तुमच्याकडे घड्याळ आहे, माप आहे. मला शंभर मीटर मोजून द्या," तो म्हणाला.

मी मोजून दिले. कॉलेजातली स्टीलची टेप आणली आणि अंगणात सुती दोर ताणून पन्नास मीटरवर गाठ मारली. दोराचं एक टोक खाणीच्या काठावरच्या लोखंडी सळईला बांधलं. गाठीपाशी एक लाकडी फळी पाण्यात आडवी तरंगत ठेवली. फळीमागे दुसरा दोर लावून पलीकडच्या काठावरून एक दगड लोंबता सोडला, म्हणजे सगळं ताठ राहावं. काठापासून फळीपर्यंत आणि परत, असे शंभर. मिलिमीटरचीही चूक नाही, याचा मला अभिमान होता.

खाणीचं पाणी डोळ्यांना झोंबायचं, म्हणून गिल्बर्ट डोळे मिटून पोहायचा आणि हात मोजायचा. अडतीस हात झाले की वळायचा, आणि पाय बरोबर फळीला लागायचे. सप्टेंबरअखेर त्याची वेळ एक मिनिट दोन सेकंदांवर आली. आदल्या वर्षी संघातल्या चौथ्या माणसाची वेळ एक मिनिट साडेतीन सेकंद होती. सेराफिनाबाईंनी त्याच्यासाठी नवा शर्ट शिवायला टाकला.

चाचणीला अकरा दिवस होते. त्या रविवारी त्यांची वेसाव्याची बहीण आयडा बोंबील घेऊन आली. तिच्या नवऱ्याची होडी होती. गिल्बर्ट मित्रांबरोबर बाहेर गेला होता, म्हणून मीच तिला खाण दाखवायला नेलं. तिने दोराकडे बघितलं.

"बाई, हा कोरडा असताना मोजला का ओला?"

"कोरडा. स्टीलच्या टेपने."

ती हसायला लागली. "टेप हुशार, बाई त्याहून हुशार. सुताचा दोर भिजला की आखडतो गं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

मी घरून टेप आणली आणि तो ओला दोर तिथेच मोजला. अठ्ठेचाळीस मीटर दहा सेंटीमीटर. दोराने फळी जवळजवळ दोन मीटर अलीकडे ओढून आणली होती. म्हणजे गिल्बर्ट शंभर नव्हे, शहाण्णव मीटर पोहत होता. त्याच वेगाने शंभरची वेळ एक मिनिट साडेचार होत होती.

"सांगू नकोस त्याला," आयडा म्हणाली. "जमतंय असं वाटलं की माणसाला जमतं. आता सांगितलंस तर वाट लागेल पोराची."

मला तिचं म्हणणं पटत होतं. सेराफिनाबाईंच्या शर्टाचाही विचार मनात आला. पण ते अडतीस हात मला आठवले. दादरला तो अडतिसाव्या हाताला डोळे मिटून वळला असता, आणि भिंत अजून दीड-दोन मीटर पुढे असती. भिंतीला स्पर्श नाही म्हणजे चाचणीतून बाद.

संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. तो ओट्यावर बसून ऐकत होता.

"टीचर, कॉलेजातल्या पोरांनापण असंच मोजायला शिकवता?"

"आजपर्यंत हो," मी म्हटलं.

तो हसला नाही, उठून आत गेला. मी रात्रभर जागी होते असं म्हणणार नाही, पण झोप चांगली लागली नाही. आता हा माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि त्याने तो का ठेवावा, असं वाटत होतं.

सकाळी सहाला दारावर थाप पडली. गिल्बर्ट दोर खांद्यावर घेऊन उभा होता, चिंब भिजलेला.

"हा ओला आहे. आता मोजा," तो म्हणाला. "आणि घड्याळ घ्या."

त्या दिवशी वेळ आली एक मिनिट चार पूर्णांक सहा. पुढचे दहा दिवस तो चाळीस हात मोजायला शिकला. जुनी सवय मोडेना. दोनदा तो अडतिसाव्यालाच वळला आणि पाय नुसते पाण्यात मारून परत आला.

"यार, हे पाय माझे ऐकतच नाहीत," तो धापा टाकत म्हणाला.

"त्यांना मीच चुकीचं शिकवलं," मी म्हटलं.

"मग आता त्यांनाच सॉरी म्हणा."

चाचणीत तो चाळिसाव्या हाताला वळला. तरंगणारी फळी पाय मारला की मागे सरकायची, भिंत सरकली नाही. एवढाच फायदा त्याला दादरच्या तलावाने दिला, पण तो पुरला. वेळ एक मिनिट तीन पूर्णांक तीन. पाचवा आलेला तीन पूर्णांक चारवर राहिला. यादीत शेवटचं नाव गिल्बर्टचं होतं.

डिसेंबरातला सिलोनविरुद्धचा सामना पुन्हा मुंबईतच झाला आणि सेराफिनाबाईंबरोबर मीही बघायला गेले. संघात तो तिसरा पोहला. पाण्यात उतरला तेव्हा आपण मागे होतो, भिंतीला हात लावला तेव्हा बरोबरीत होतो. शेवटी आपला चौथा पोहणारा जयवंत शिरोडकर ढाल घेऊन आला. पुढच्या वर्षी ती सिलोनने परत नेली, आणि मग स्पर्धाच बंद पडली.

ढालीसोबतचा फोटो काढताना गिल्बर्टने गर्दीतून मला हाक मारली. मी नको म्हणून हात हलवला. फोटो झाल्यावर तो टॉवेल गुंडाळून माझ्याकडे आला.

"टीचर, थँक्यू," तो म्हणाला.

ते मी त्याला म्हणायचं होतं. त्या सकाळी तो दारावर आला नसता, तर मी त्यानंतर कोणासाठी काही मोजायला धजावले असते असं मला वाटत नाही. तसं मी त्याला सांगितलं. तो लाजला आणि म्हणाला, "आईला भूक लागलीय, चला."